‘उंबऱ्यातले उखाणे’ या पुस्तकाचे माझ्या पश्चात काय करावे

मी, धाकलू गोजर वेखंडे, राहणार आंबेपाडा, किन्हवलीजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, धंदा पूर्वी भातगिरणीवर चालक व आता स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापणे, शिक्षण मराठी चौथी (नापास नव्हे, शाळा सुटली), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. येत्या आठवड्यात कल्याणला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधे आहे, चहा पिऊन होईपर्यंत उरकेल. पण डॉक्टर चहा किती सावकाश पितात हे मला ठाऊक नाही, म्हणून काळजीपोटी हे मृत्युपत्र करतो. ते करायला मला कोणी भाग पाडलेले नाही, धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही. उलट घरात कोणी ऐकूनच घेत नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही असे आमच्या पाड्यावरचे शिक्षक संघरत्ना यांनी दोनदा सांगितले. तरी मी आणला. नंतर कोणी म्हणायला नको.

माझ्या मिळकतीत भांडण होण्यासारखी वस्तू एकच आहे, ती म्हणजे आमचे पुस्तक ‘उंबऱ्यातले उखाणे’. त्यातला एकूण एक उखाणा माझी बायको सकुबाई हिने रचला. ती निरक्षर आहे. मुखपृष्ठावर ‘रचना सौ. सकुबाई, छापणार धाकलू’ असे आहे. आता कल्याणचा एक पुस्तकविक्रेता ते कायमचे विकत मागतो आहे, आणि त्यावर तो कोणा प्राध्यापिकाबाईंचे नाव घालणार आहे. माझा मुलगा सतीश याला त्यात काही वावगे दिसत नाही. मी कागद न करता गेलो तर पुस्तक सकुबाईच्या हातून जाईल आणि तिचे उखाणे दुसरीच्या नावावर विकले जातील. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप. बाकीच्या वस्तू ओघाने आल्या आहेत.

कलम १. राहते घर सकुबाईच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात सतीश व मुलगी जना यांनी सारखे वाटून घ्यावे. ओटीवरची मागच्या बाजूची कौले दरवर्षी सरकतात. ती माकडे सरकवतात असे सतीश म्हणतो, माझा संशय चुलतभाऊ दामू याच्या पोरांवर आहे. पुरावा नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

कलम २. ओढ्याकाठचे भाताचे शेत वडिलोपार्जित आहे, त्यामुळे त्यात माझी मर्जी चालत नाही, कायदा सांगेल तसे. पोस्टातली शिल्लक सकुबाईची. पोस्टातल्या बाबूंना मी तीन वेळा विचारून ठेवले आहे की वारस म्हणून तिचेच नाव आहे ना. आता ते मला बघितले की खिडकी लोटतात.

कलम ३. गिरणीवरचे माझे पाने व पकडी सतीशने घ्याव्यात. तो वासिंदला कारखान्यात आहे, त्याच्याकडे चांगले पाने आहेत, तरी घ्याव्यात. मोठा पाना दामूने नेला आणि त्याजागी गंजका आणून ठेवला. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटले नाही. आता म्हणतो. सदर दामूला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, आणि ज्याला काही मिळत नाही तोच कायद्याने साक्षीदार चालतो, म्हणून साक्षीदार त्यालाच केले आहे. एवढे कलम त्याला आधीच वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “पाना उद्या देतू. पन सही करताना चहा पायजे.”

कलम ४. माळ्यावर माझे पहिले पुस्तक ‘सुखी संसाराची शिडी’ याच्या उरलेल्या प्रती आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्याच. सन १९९१ साली मी हे पुस्तक शहापुरात छापून घेतले. गिरणीवर बाया भात घेऊन येत, नंबर लागेपर्यंत बसत, त्यांना वाचायला काही चांगले असावे असा हेतू होता. नवऱ्याशी कसे बोलावे, सासूशी कसे वागावे, तूप कसे पुरवावे, सर्व पद्यात सांगितले होते. बाया पुस्तक हातात घेत, वारा घेत आणि परत ठेवत. सकुबाईने पहिले पान माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाली, “संसार मी करतेय, नि शिडीवर तुमी चढलेले!”

त्यावरून मी शिकलो की लोकांना जे त्यांच्या घरात भरपूर आहे ते विकू नये. उपदेश प्रत्येक घरात भरपूर असतो. या प्रती ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. शेणव्याच्या भेळवाल्याने एकदा नेल्या होत्या, पण कागद जाड आहे, पुडी नीट वळत नाही म्हणून परत केल्या.

कलम ५. जत्रेत दुकान लावायची ताडपत्री, बांबू, पाटी व पत्र्याची पेटी ही पुस्तकाबरोबर राहतील. ती वेगळी करू नयेत. पाटीवर ‘उखाणे’ मधला ‘णे’ वाकडा आला आहे. रंगाऱ्याला सांगून झाले. तो म्हणतो, लांबून कळत नाही. मला लांबूनही कळतो.

कलम ६. आता मुख्य पुस्तकाबद्दल.

शिडी पडल्यावर चार-पाच वर्षे मी छपाईचे नाव काढले नाही. सकुबाई टोकावड्याची, मुरबाड तालुक्यातली. तिकडे नवरी उंबऱ्यात अडवली की नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि सकुबाई जिथे जाईल तिथे नवरीच्या मागे उभी राहून कानात उखाणा सांगते. पाठ केलेला नाही, तिथल्या तिथे केलेला. तिने स्वतः नाव घ्यायची वेळ आली की ती माझ्यावर घसरते. नमुना देतो:

भाताच्या गिरणीत कोंडा उडतो फार,
धाकलूरावांच्या मिशीला तुसाची किनार.

असे तिचे उखाणे मी तिच्याकडून ऐकून लिहून घेतले आणि मुरबाडला छापले. ऐकले तसे छापले. म्हणजे पानोपानी धाकलूराव. मला त्यात काही चुकले असे वाटले नाही. उलट जरा बरेच वाटले.

मुरबाडजवळ म्हसा गावी पौषात जत्रा भरते, तिथे ताडपत्रीचे पाल टाकून बसलो. एका बाईने मुलीकडून वाचून घेतले आणि विचारले, “धाकलूराव कोन?”

मी म्हटले, “मीच.”

“मंग तुजं नाव मी कशाला घेव? माजा नवरा काय मेलाय? तो काय, घोंगड्या बघतोय!”

तिने हाक मारली तसा तो घोंगडीवाल्याकडून उठून येऊ लागला. मी पाल आवरले.

तेवढ्यावर भागले नाही. शेजारच्या पाड्यावरच्या लक्ष्मीने ते पुस्तक अक्षर न् अक्षर पाठ केले होते. तिला कसाऱ्याला दिली. उंबऱ्यात करवली आडवी झाली, “नाव घे, मंगच आत.” लक्ष्मीने मान खाली घालून वरचा गिरणीचा उखाणा म्हटला. नवऱ्याचे नाव पांडू. मांडवात वाजंत्रीसुद्धा थांबली म्हणतात. सासू म्हणाली, “कोन गो हा धाकलू?” लक्ष्मी रडत म्हणाली, “मला काय ठाव? पुस्तकात तसंच हाय!”

दुसऱ्या दिवशी पांडूचा मामा दोन गडी घेऊन गिरणीवर आला. “धाकलू कोन हितं?” असे विचारल्यावर मी पोत्यांमागून सांगितले की तो जेवायला गेला आहे. दुर्दैवाने सकुबाई डबा घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, “ह्योच तो. मिशीवर तूस बगा की.” मामाने माझी मिशी पाहिली, उखाणा आठवला आणि हसू लागला. लग्न टिकले. लक्ष्मीला आता दोन मुलगे आहेत, आणि कसाऱ्यात पांडूला अजून काही लोक धाकलू म्हणतात.

त्या रात्री मला झोप लागेना. सकुबाई कुशीवर वळून म्हणाली, “माजा नवरा माज्या तोंडात. लोकांच्या बायांच्या तोंडात त्यांचा नवरा नको का? नावाची जागा सोडा नि छापा.”

इतकी सोपी गोष्ट होती. पुस्तक छापणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी जागा सोडावी, हे मला चौथीपर्यंत कोणी शिकवले नाही आणि पुढे शाळा नव्हती.

पुन्हा छापले, नावाच्या जागी रेघ ठेवली. पण घाईत गठ्ठे घरी आले ते आषाढात. लग्ने बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत पुस्तकांना बुरशी धरली आणि पाने चिकटली. बाया सोलून वाचत. यातून काय शिकायचे ते उघड आहे, मला मात्र वर्ष गेले.

त्यानंतर पौषात, माघातली लग्ने तोंडावर असताना, कोरडी पुस्तके घेऊन म्हशाला बसलो. या वेळी सकुबाई शेजारी होती. मी पुस्तक पुढे करायचो, ती म्हणायची, “नवऱ्याचं नाव काय गो? घाल हितं.” आणि ऐकवायची:

माळशेजच्या घाटात ट्रक चढतो जोरात,
____राव घोरतात त्याच सुरात.

बाया आपापली नावे घालून म्हणत आणि एकमेकींच्या पाठीत गुद्दे घालत. घोंगडीवाला तक्रार करू लागला की गिऱ्हाईक इकडेच अडते. पालं उठायच्या आत पेटी रिकामी झाली. तेव्हापासून दरवर्षी छापतो. आता शहापूर, मुरबाड, खर्डी, कुठेही नवरी अडली की तिच्या करवलीच्या पिशवीत आमचे पुस्तक असते. माझा हर्निया या गठ्ठ्यांचाच आहे, असे डॉक्टरांचे मत.

सबब मी लिहून ठेवतो की ‘उंबऱ्यातले उखाणे’ हे पुस्तक, ते छापण्याचा व विकण्याचा सर्व हक्क, माझ्या पश्चात एकट्या सकुबाईचा राहील. सतीशने हरकत घेऊ नये.

कलम ७. वरील कलम सहा रद्द समजावे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी ओटीवर संघरत्ना यांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. सतीश, जना व दामू हजर होते. सकुबाई तांदूळ निवडत होती. कलम सहा झाल्यावर सतीश म्हणाला, “बाबा, आईला यातलं काय जमनार? तो मानूस एकरकमी देतोय. प्रेसवाला, प्रूफ, टाइम कुनाला हाय?”

मला वाटले, सकुबाई नको म्हणेल. तिने नको म्हटले तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, “घेते. पन मेल्यावर कशाला? तुमी मरायची वाट बगत बसू काय? आताच द्या.”

मी म्हटले, “आता दिले तर माझ्याकडे काय राहील?”

“मी हाय की.”

दामू खोकला. जना उठून आत गेली. संघरत्ना यांनी चष्मा पुसला आणि सांगितले की हयातीत द्यायचे तर वेगळा कागद करावा लागेल. तो त्यांनी तिथेच केला. मी सही केली, सकुबाईने अंगठा दिला. मग ती सतीशला म्हणाली, “तुज्या कल्यानच्या मानसाला सांग, पुस्तक आता माजं हाय. घ्यायचं आसंल तर म्हशाला ये, माज्या पालात बस, बायांसमोर वाचून दाव, नि मंग सांग त्यांना, हे कोन्या प्राध्यापिकाबाईनी केलंय म्हून. त्या काय बोलतात ते ऐक नि घरी जा.”

सतीश म्हणाला, “तो नाय येनार, आई.”

“मंग प्रेसवाल्याला फोन लाव. पौष जवळ आला.”

सतीशने लावला.

सबब सदर पुस्तक आज तारखेपासून माझ्या मिळकतीत नाही, आणि जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नाही. कलम सहा खोडायचे होते, परंतु ते लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून रद्द करून तसेच ठेवले आहे. कलम पाचमधील ताडपत्री, बांबू, पाटी व पेटीही मालकिणीकडे गेली. माझ्याकडे घर, पोस्टातली शिल्लक, पाने, पकडी आणि शिडीच्या प्रती एवढे उरले, ते वर लिहिल्याप्रमाणे द्यावे.

मृत्युपत्र पुरे झाले, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मी मरायला मोकळा आहे. परंतु पुस्तकाच्या नव्या मालकिणीने मला म्हशाच्या जत्रेला दुकानावर हजर राहण्यास सांगितले आहे. गठ्ठे उचलायचे नाहीत, फक्त गिऱ्हाइकाला बोलवायचे. नोकरीतला पहिलाच हुकूम मोडणे बरे दिसणार नाही. तरी डॉक्टरांनी चहा लवकर प्यावा.

हा मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. शुद्धलेखन संघरत्ना यांचे, चुका माझ्या.

सही: धाकलू गोजर वेखंडे

आमच्या समक्ष सही केली, ती करताना त्यांचे डोके शाबूत होते:

साक्षीदार १. संघरत्ना, प्राथमिक शिक्षक, आंबेपाडा
साक्षीदार २. दामू वेखंडे, चुलतभाऊ (चहा मिळाला. पाना आणून दिला.)

ठिकाण: आंबेपाडा, तालुका शहापूर
तारीख: ११ डिसेंबर २००६