मेढ्याच्या दुधाचे डबे

मेढा, ९ फेब्रुवारी १९४९
काल सांगलीहून परतले. अक्काच्या घराजवळ, विश्रामबागेत, पेढेवाल्याच्या भट्टीमागे आमचे डबे पाहिले. परदेशातून पोरांसाठी आलेली दुधाची भुकटी. 'विक्रीसाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं, खाली रंगानं 'मेढा'. अक्काला बोलले नाही.

१० फेब्रु.
दवाखान्यात सगुणा आली. मुलगी दोन वर्षांची, अजून उभी राहत नाही.
"नर्सबाई, दूध कवा यायचं?"
"येईल."
"मागल्या म्हैन्यात बी ह्येच म्हनला."

१२ फेब्रु.
मदत कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब स्वतः आले. मदत पाठवणाऱ्यांची गोरी बाई सोमवारी येणार. सगळं दूध वाटल्याचा कागद पुढे ठेवला. म्हटलं, दादासाहेब, माझ्याकडे डबे आलेच नाहीत. हसले.
"सांगलीला बहीण बरी आहे ना तुमची?"
सांगलीला गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.
सही केली.

१३ फेब्रु.
कंपाउंडरला डब्यांचं आणि सहीचं सांगितलं. दार लावून घेतलं त्यानं. "गप ऱ्हावा बाई. बोलला तर ती गोरी मानसं दूधच बंद करत्याली. मग?"
मग काय, हे मलाही कळत नाही.

१४ फेब्रु., सोमवार
गोरी बाई आली. दुभाषा म्हणून दादासाहेबांचा पुतण्या. बाईनं दवाखान्यात बसलेल्या सगुणालाच विचारलं, दूध मिळतं का.
"आवं, कुठलं दूध? डोळ्यानं बगितलं न्हाई."
पुतण्यानं इंग्रजीत सांगितलं, ती आभार मानतेय. बाई हसली, मुलीच्या गालाला हात लावला.
मिरजेला नर्सिंग शिकताना आलं तेवढंच माझं इंग्रजी. तोंडातून निघून गेलं, "नो. शी सेज, नो मिल्क." मग सांगलीचंही कसंबसं सांगितलं.
बाईनं कागद काढला. ही सही तुझी?
"येस."
कागद घेऊन ती गेली.

१६ फेब्रु.
बाजारात दादासाहेब. हात जोडून, "इंग्रजी छान येतं की तुम्हांला!"
अक्काचं पत्र. दोन अनोळखी माणसं दारात येऊन माझी चौकशी करून गेली. मी काय केलंय, विचारते.

१९ फेब्रु.
साताऱ्याहून सरकारी पत्र. चौकशी होईतो मेढ्याची मदत बंद. सोमवारी मी तिथं जबाबाला हजर राहायचं. खोट्या कागदावर सही माझी, म्हणून आधी मीच.
कंपाउंडर खरं बोलला होता. सगुणाच्या घरी जाऊन तिला सांगितलं, माझ्यामुळे दूध बंद झालं.
"जे येतच न्हवतं त्ये बंद कसं व्हईल?" म्हणाली. मुलीला घेऊन आत गेली. रागावली की काय...

२१ फेब्रु., सोमवार
मोटार स्टँडवर बसून लिहितेय. दादासाहेबांचा पुतण्या मोटारीत पुढच्या सीटवर बसलाय, साताऱ्यालाच. माझ्याकडे बघत नाही. परत फिरावं असं दोनदा वाटलं.
सगुणा आलीय. मुलगी पाठीशी बांधलेली.
"तुमी सही केली त्ये बी सांगा, आन् का केली त्ये बी. बाकी मी सांगती."
तिकडे तिचं कोण ऐकणार? माझं तरी?
ड्रायव्हर हाका मारतोय. आधी ती चढली.