कच्ची वही, पक्की वही

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. उद्या तुमच्या जमीनमोजणीच्या कॅम्पवर जीप जाते, म्हणून शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले. तिथे फोन लागत नाही ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. खोकला कसा आहे? उन्हात स्वतःच्या डोक्यावर काही घेतेस, की सगळी छत्री त्या दुर्बिणीलाच?

आम्ही दोघी ठीक आहोत. तुझ्या लेकीला आता अख्खी शाळा 'मुंगी' म्हणते. दोरे, बाटल्यांची झाकणं, मोडक्या पट्ट्या, जे दिसेल ते ओढून आणते आणि ट्रंकेत कोंबते. त्या ट्रंकेला हात लावायची मला सक्त मनाई आहे. नववीत गेली तरी खोड तीच.

शाळेत धावपळ आहे. पुढच्या सोमवारी समिती येतेय. 'शाश्वत विकासासाठी शिक्षण' आमच्याकडे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं, पसंत पडलं तर बाकीच्या शाळांना आमचा कित्ता द्यायचा आणि मला विद्यापीठात होतकरू शिक्षकांना शिकवायला न्यायचं, असं घाटतंय. तुला आठवतं, पहिलं परिपत्रक आलं तेव्हा आम्ही काय दिवे लावले होते? भिंतीवर पृथ्वी रंगवली, एका रोपट्याला आठ जणांनी हात लावून फोटो काढला. पृथ्वीचा रंग उडाला आणि रोपटं वाळलं. तेव्हा मी चिडून मोठ्या सरांना म्हटलं होतं, मुलांना काहीतरी मोजायला द्या. त्यातून पाण्याची वही निघाली.

तुला मोजणीचं वेड, म्हणून नीट सांगते. दर गुरुवारी नववीची मुलं शाळेतल्या पाच ठिकाणांचं पाणी छोट्या बाटल्यांत भरतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. मुलं पेन्सिलीने कच्च्या वहीत लिहितात, शनिवारी मी पेनाने पक्क्या वहीत उतरवते. कच्च्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात नियम आहे: 'जे दिसलं तेच लिहायचं. खोडायचं नाही.' विद्यापीठातल्या बाई जानेवारीत आल्या होत्या, त्यांनी त्या पानाचा फोटो काढून नेला. लहान मुलांच्या वर्गांबाहेरचा नळ मुंगीच्या वाट्याला आहे.

आता मुद्द्याचं. तिला थोडे दिवस तुझ्याकडे नेशील का? चार वर्षं इथेच आहे, हवापालट होईल. परीक्षेला वेळ आहे.

शाळेत जराशी कुरबुर झालीय, तेवढ्यासाठी नाही म्हणा. दुसरीतली अकरा मुलं कावीळ होऊन घरी आहेत, त्यातली दोन दवाखान्यात. मुंगीने फाटकापाशी एका आईला सांगितलं, त्या नळाचं पाणी मुलांना पिऊ देऊ नका. गेल्या बुधवारी ती आई तडक मोठ्या सरांकडे गेली. सरांनी पक्की वही उघडली. त्या नळापुढे जानेवारीतले शेवटचे चारही गुरुवार 'बदल नाही' असं लिहिलेलं. साहजिकच सर भडकले, समिती येऊन जाईपर्यंत पाण्याची मोजणी बंद ठेवली, आणि अफवा पसरवल्याबद्दल मुंगीने सोमवारी प्रार्थनेच्या वेळी माफीपत्र वाचावं असं ठरलं. नाहीतर दाखला हातात देणार म्हणतात. मी मसुदा करून दिलाय, अगदी सौम्य. तिने अजून उतरवून काढलेला नाही. माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते. वयच तसं आहे.

तू विचारशील, वही काय म्हणते. वही काय म्हणते ते वर लिहिलंच आहे.

बाकी विशेष नाही. हल्ली आम्ही दोघी डब्याबरोबर घरून उकळलेलं पाणी नेतो. सवय चांगली, इतकंच. औषध वेळेवर घे आणि तिला कधी न्यायला येतेस ते लगेच कळव.

तुझी,
धाकटी


रविवार, १५ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ

ताई,

तुझी चिठ्ठी शुक्रवारच्या जीपने आली. 'रविवारी दुपारी पोचते. बॅग भरून ठेव. काय झालं ते तिच्या तोंडून ऐकेन.' तिच्या तोंडून तुला काही ऐकायला मिळणार नाही. दहा दिवस ती याबद्दल बाहेर कुणाकडे अवाक्षर बोललेली नाही. आणि तू समोर बसलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे लहानपणापासूनचं आहे. म्हणून हे टेबलावर ठेवून मी शाळेत जातेय. चहा करून घे, मग वाच.

पाणी काळं पडलं होतं. चारही वेळा.

पहिल्यांदा कच्च्या वहीत मुंगीच्या अक्षरात 'काळं' पाहिलं तेव्हा खरंच वाटलं की पोरीने भरताना बोट बुडवलं असेल. तो शनिवार होता आणि विद्यापीठातल्या बाई सोमवारी यायच्या होत्या. मी पक्क्या वहीत 'बदल नाही' लिहिलं. मनात म्हटलं, पुढच्या गुरुवारी स्वतः उभी राहून भरून घेईन आणि मग हवं तर दुरुस्त करू. पुढच्या गुरुवारी मी उभी राहिले. तिने हात धुतले होते, बाटलीला आतून स्पर्शही केला नाही. शनिवारी पुन्हा काळं. तोवर बाई त्या पानाचं कौतुक करून गेल्या होत्या. तेव्हा 'काळं' लिहिलं असतं तर आधीच्या ओळीचं काय, हा प्रश्न आला असता. मी शिपाईकाकांना टाकीत औषध टाकायला सांगितलं आणि पुन्हा 'बदल नाही' लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी तर विचारही करावा लागला नाही. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं आई आपल्या मामाला म्हणायची. आता मला म्हणाली असती.

त्या बुधवारी सरांच्या खोलीत मुंगीला उभं केलं होतं. सर म्हणाले, "पुरावा काय तुझ्याकडे?" ती म्हणाली, "कच्ची वही बघा." कच्ची वही कपाटात नव्हती. ती मी आदल्या दिवशी घरी आणून माझ्या कपड्यांखाली ठेवली होती. सर माझ्याकडे वळले. "बाई, वहीत आहे ते खरं ना?" मी म्हणाले, "वहीत आहे ते आहे." मुंगीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानंतर ती काही बोलली नाही. मला वाटलं, बोलायला तिच्याकडे काही उरलं नाही म्हणून गप्प आहे. तुला खरं सांगते, मला हायसं वाटलं.

आणखी एक आहे, ते सगळ्यात जड आहे. परवा मधल्या सुट्टीत मी त्या नळापाशी होते. दुसरीतली एक चिमुरडी ओंजळ लावून पीत होती. पुढचे दोन दात पडलेली, ओंजळीतलं निम्मं पाणी फ्रॉकवर. मी म्हणाले, "हळू पी, ठसका लागेल." एवढंच म्हणाले ताई, आणि वर्गावर गेले.

काल सकाळी बॅग भरायला घेतली. लोकरीचे मोजे सापडेनात, म्हणून मनाई मोडून ट्रंक उघडली. मोजे होते. चार मोज्यांत चार बाटल्या. गच्च बूच लावलेल्या, डांबरासारख्या काळ्या, प्रत्येकीवर तारीख आणि नळाचं नाव. आठ, पंधरा, बावीस, एकोणतीस. एका मोज्याला नासक्या अंड्याचा वास येत होता.

ती दारात उभी होती. मी विचारलं, "या बाटल्या धुऊन टाकायच्या असतात ना?"

"काळं पडलेलं टाकून द्यावंसं वाटलं नाही. कुणीतरी बघायला मागेल असं वाटलं."

"मग सरांना का नाही दाखवल्यास?"

"तुझी वही खोटी पडली असती."

मी खाली बसले. ती पुढे म्हणाली, "तू मागशील म्हणून थांबले होते, मावशी. रोज वाटायचं, आज मागेल."

ताई, या मुलीला मी चार वर्षं शिकवतेय. शाश्वत विकास, पुढच्या पिढ्या, त्यांच्यासाठी काय राखून ठेवायचं, किती तास घेतले मी यावर. आणि पुढची पिढी माझ्याच घरात माझं पाप मोज्यांत गुंडाळून माझी अब्रू राखत होती. मी ढसाढसा रडले. तिने पाणी आणून दिलं, उकळलेलं.

दुपारी कच्ची वही घेऊन सरांच्या घरी गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानाशी आले. मग म्हणाले, "बाई, दोन दिवस फक्त. समिती जाऊ दे. मग नळ, टाकी, म्हणाल ते बदलू."

"सर, समिती दहाला येणार. त्याआधी मुलं पाणी पिणार."

"आत्ताच नळ बंद केला तर सगळे विचारतील का बंद केला म्हणून."

"विचारू देत."

"तुमची नोकरी जाईल. आणि शाळेचं नाव."

मी म्हणाले, "नाव कशाचं झालंय ते तुमच्या हातात आहे, बघा ना."

तिथून शाळेत. शिपाईकाकांना म्हटलं, पाना आणा. लहान मुलांच्या नळाची पाइप संडासाच्या गटाराला घासून जाते आणि तिथली जमीन बारा महिने ओली असते, हे काकांना ठाऊक होतं. कधी बोलला का नाहीत विचारलं तर म्हणाले, "मला कुणी वहीत घेतलंच नाही, बाई." व्हॉल्व्ह बंद करण्याआधी त्यांनी विचारलं, "हुकूम कुणाचा?" मी म्हटलं, माझा. "मग लेखी द्या," म्हणाले. दिला लेखी. माणूस हुशार आहे.

आज दहा वाजता दुसरीच्या पालकांना बोलावलंय. सरही येतो म्हणालेत, कोणत्या बाजूने ते देव जाणे. दवाखान्यातलं एक मूल घरी आलं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. त्याच्या आईसमोर मला उभं राहायचंय, ती फाटकापाशीचीच. मुंगीने तिला सांगितलं तेव्हा तिने विश्वास ठेवला होता, आणि माझी वही बघून ती मुंगीला खोटारडी म्हणाली होती. समितीसाठी वेगळं पत्र लिहिलंय, त्यात हेच सगळं आहे. मसुदा फाडला. उद्या प्रार्थनेला कुणी काही वाचणार असेल तर मी वाचेन, मला शाळेत ठेवलं तर.

निघताना मी मुंगीला बाटल्या मागितल्या. तिने दोन दिल्या. म्हणाली, "दोन माझ्याकडे राहू देत."

तिचं बरोबर आहे.

बॅग भरली आहे, बंद केलेली नाही. तुझ्याबरोबर यायचं की इथे राहायचं ते तिला विचार, मला विचारू नकोस. नेलीस तर मी अडवणार नाही, पण घर खायला उठेल एवढं सांगून ठेवते.

या पत्रात बरीच खाडाखोड झाली आहे. पुन्हा नीट उतरवून काढणार होते, पण आता मला उतरवून काढायची भीती वाटते. आहे तसंच वाच, आणि टाकून देऊ नकोस.

तुझी, खाडाखोडीसकट,
धाकटी