रडार गन माझ्याच हातात

सोम. ९ जानेवारी
कॉलेजचं शेवटचं वर्ष. आमच्या बेसबॉलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागून सामने असतात आणि टीमचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, शुक्रवारी टाकतो. आजवर शुक्रवार दुसऱ्यांनी खाल्ला. ते सगळे पास होऊन गेले. आता मीच उरलो. संकल्प: डोनट बंद, रोज कोपराला बर्फ, लवकर झोप.

मंगळ. १७ जानेवारी
आयोवाची थंडी! मैदान बर्फाखाली. सराव जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली. बॉलचा वेग मोजणाऱ्या रडार गनवर माझा बॉल ताशी ७८ मैल. गेल्या वर्षी ८७ होता. गन बिघडली आहे. नोवोत्नी, माझा रूममेट आणि पिचरचे बॉल झेलणारा टीमचा कॅचर, म्हणाला की मग त्याच गनवर झीकचे ९१ कसे आले रे? झीक म्हणजे पहिल्या वर्षाचं पोरगं. मी म्हटलं, बिघडलेली गन काहीही दाखवते.

शुक्र. २७ जानेवारी
कोपर ठणकतंय. म्हणजे ताकद भरतेय. टीमच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरबाईंकडे जाणार नाही; त्या कोचना सांगणार आणि माझा निकाल लागणार. नोवोत्नी म्हणतो, तू हल्ली डाव्या हाताने दात घासतोस, मी काय आंधळा आहे? त्याला सांगितलं, त्याने मेंदू तल्लख होतो. डोनट: दोन. थंडी फार.

शनि. ४ फेब्रुवारी
झीकला बॉल धरायची माझी खास पद्धत शिकवली. सीनियर माणसाने मन मोठं ठेवावं. त्याने तसा टाकला आणि नोवोत्नी हात झटकत उठला. म्हणाला, ग्रेडी, शिकवणी बंद कर, माझा पंजा फुटेल. कोच रस्मुसन टक लावून बघत होते. माझ्याकडेच असणार.

शुक्र. १० फेब्रुवारी
बाबांना मिझुरीला फोन. पहिले सामने अर्कान्सॉला आहेत, गाडी काढा आणि या म्हटलं. बाबा म्हणाले, टायरच्या दुकानात रजा मागतो, पण तू नक्की टाकणार ना? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं! कोच अजून काही बोललेले नाहीत.

शुक्र. १७ फेब्रुवारी, अर्कान्सॉ
आज झीक टाकणार. पण लगेच कोचनी रडार गन माझ्या हातात दिली! आमचा रिवाजच आहे: उद्या टाकणारा आज प्रेक्षकांत बसतो, गन धरतो, आकडे लिहितो. म्हणजे शनिवार माझा. हुकमाचं पान कोणी आधी टाकतं का? बाबांना कळवलं, आज नको, उद्या या.

शनि. १८ फेब्रुवारी
बाबा आले. कॉलेजची नवी टोपी, पहिली रांग. कोचनी पुन्हा गन दिली. वर विचारलं, कोपर कसं आहे? एकदम फर्स्ट क्लास, मी म्हटलं. ते माझ्या बाहीकडे बघत म्हणाले, बरं, बस मग. म्हणजे रविवार. बाबांना मोटेलवर राहायला सांगितलं. रात्री झोप नाही.

रवि. १९ फेब्रुवारी
गन आजही माझ्याकडेच. बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, गन धरतो तो दुसऱ्या दिवशी टाकतो, असंच ना? हो म्हटलं. ते म्हणाले, उद्या तर सोमवार आहे रे.
उद्या सामना नाही.
मी गन उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. बाबांनी गन काढून घेतली, विचारलं, कधीपासून दुखतंय? जानेवारीपासून, मी म्हटलं. फार लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.
मग बाबा आकडे वाचत गेले आणि मी डाव्या हाताने लिहीत गेलो. गन बिघडलेली नाही.