खडे बाटलीत, कळ पोटात

आई,

काल दुपारी जेवण झालं आणि अर्ध्या तासात माझं पोट परत दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली, तुझं दुखायचं अगदी तिथंच, आणि मग मागं पाठीत. माझं पित्ताशय काढून वर्ष झालं. दुर्बिणीतून काढलं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. मग आता हे काय दुखतंय? सून म्हणाली, "बाबा, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. तुम्ही उगाच त्याचाच विचार करत बसता." पोरगी भली आहे, पथ्याचं वेगळं शिजवते. पण माझं डोकंच फिरलं. खोलीत येऊन बसलो, पोटावर उशी दाबून, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना. म्हणून हे लिहायला घेतलंय.

कळंबच्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर होतो तेव्हाची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी औषधाच्या कपाटावर उर्दू अक्षरं तशीच होती. डॉक्टर एकटे, बाहेर ही रांग. पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक बाईला त्यांचं एकच निदान, वायगोळा. सोडा, हिंगाची गोळी आणि माझ्या हातचं गुलाबी मिक्श्चर. तुलाही तेच. बाई, तेलकट खाऊ नका, असं ते म्हणाले तेव्हा तू म्हणालीस, "डाक्टरसाब, तेल घरात असतंय कवा, म्या खाऊ कवा?" सगळी रांग हसली. मीही हसलो. पण येळवशीला, वेळ अमावस्येच्या शेतपूजेला, मात्र घरात तेल असायचं. शेतात कडब्याच्या कोपीपुढं सगळी जेवायला बसलेत, भाज्या-डाळींची भज्जी आहे, आंबील आहे, तिळाच्या पोळ्या आहेत, आणि तू ज्वारीत वाकून ओकतेस. तोंड पुसून परत येतेस आणि वाढायला लागतेस. हे मी एक नाही, चार येळवशी पाहिलं. चार वर्षं वायगोळा! आज विचार केला तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी तुला ताप भरला तेव्हा डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं रुतवली, श्वास ओढा म्हणाले, आणि तुझा श्वास मध्येच अडकला. तेव्हा कुठं त्यांनी सोलापूरला चिठ्ठी दिली. चुलते म्हणाले, पोट फाडलेली बाई परत येत नसती. मी भांडलो. सगळ्या भावकीपुढं छाती ठोकून सांगितलं की मी दवाखान्यातला माणूस आहे, मला कळतंय, आईला ठणठणीत करून आणतो. येडशीहून छोट्या गाडीनं आपण कुर्डुवाडीला गेलो, तिथून सोलापूर. तू खिडकीत बसून म्हणालीस, "मेले तर मेले, गाडीत तर बसले." महिनाभरानं परत आलो ते पोटावर वीतभर व्रण आणि इंजेक्शनच्या बाटलीत सात खडे घेऊन. हुलग्यापेक्षा थोडे मोठे, पिवळट काळे. ती बाटली मी फळीवर तुझ्या मिसरीच्या डबीशेजारी ठेवली. येईल त्याला मीच काढून दाखवायचो, हलवून वाजवायचो. लई मिरवलं मी त्या बाटलीला.

आणि चार महिन्यांनी तुझं परत दुखलं.

तू दवाखान्यात आलीस, रांगेत बसलीस, नंबर आल्यावर बरगडीखाली हात ठेवलास. डॉक्टरांनी हात लावूनही पाहिलं नाही. "खडे तर बाटलीत आहेत ना बाई? मग आता दुखतंय काय?" घरीही तेच. चुलती आली की फळीकडं बोट दाखवायची, पोरं दाखवायची. तुझ्याविरुद्धचा पुरावाच होता तो, आणि घरात आणून ठेवलेला मी. एकदा मीसुद्धा बाटली तुझ्यापुढं धरली आणि ओरडलो, "बघ तरी! मोजून सात आहेत. अजून काय काढायचं राहिलंय?" तू भाकरी थापत होतीस. तवा उतरवलास आणि शांतपणे म्हणालीस, "खडं बाटलीत हायती, कळ माझ्या पोटात हाय. बाटलीला काय इचारतूस? मला इचार की." मी विचारलं नाही. मला वाटलं, ही मुद्दाम हट्टाला पेटलीय.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "तुझ्या आईला नुसतं रंगाचं पाणी दे, पेपरमिंट टाकून. मनाचं असेल तर थांबेल." मी दिलं. तू घरून औषधाची बाटली घासून आणायचीस, मी पाणी भरायचो, डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचो. तू खिडकीशी येऊन म्हणायचीस, "कंपौंडर, आज जरा कडक करा, मागलं लई पानचट झालं हुतं." लोक हसायचे. मान खाली घालून मी बूच लावायचो.

यंदा मला परत दुखायला लागलं तेव्हा मी लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तरुण आहे, नातीच्या वयाची. तिनं आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, पित्ताची पिशवी काढली तरी काहींचं दुखणं राहतं. कधी नळीत एखादा खडा राहून जातो, कधी नळीचं तोंड आवळतं, कधी दुखणं वेगळ्याच जागचं असतं. शोधावं लागतं. नाही सापडलं तरी दुखणं खोटं नसतं." पाच मिनिटं लागली तिला हे सांगायला. पाच मिनिटं, आई! मी तिथं खुर्चीत बसून रडलो. तिला वाटलं मी घाबरलो. तेव्हा कळंबात नळीचा फोटो निघत नव्हता, मान्य. पण पाच मिनिटं तर कुणाकडंही होती. मी त्या डॉक्टरांना मनात किती शिव्या दिल्या असतील. चाळीस वर्षं देतोय. पोरांनाही हेच सांगत आलो, की त्या माणसानं माझ्या आईला पाणी पाजलं.

आता खरं लिहितो. त्यांनी मला ते पाणी दोनच आठवडे द्यायला सांगितलं होतं. "दोन आठवडे देऊन बघ, नाही थांबलं तर परत सोलापूरला पाठवू," असं म्हणाले होते. दोन आठवड्यांनी त्यांनी विचारलं. मी सांगितलं, थांबलं साहेब. परत चिठ्ठी, परत छोटी गाडी, परत चुलत्यांपुढं उभं राहायचं आणि म्हणायचं की मी बरी करून आणलेली आई बरी झालेली नाही. ते माझ्यानं होईना. पुढं त्यांची बदली झाली, नवे डॉक्टर आले. रांगेत तुला पाहून त्यांनी विचारलं, ह्या बाईंना काय होतंय? मी म्हणालो, माझी आई आहे साहेब, काही नाही, मिक्श्चरची सवय लागलीय. ते पुढच्या पेशंटकडं वळले. तू ऐकलंस. तू माझ्याकडं पाहिलंस आणि बाटली पुढं केलीस. मी भरून दिली. तू गेलीस तोवर, सहा वर्षं, मीच ते पाणी भरत होतो.

सून मघाशी दारात येऊन विचारून गेली, अजून दुखतंय का. मी नाही म्हणालो. दुखतंय, आई.