पाय पूर्वेला

कोळवण, जानेवारी १९६२

शमुवेला, दोन पत्रं गिळून बसलास, ढेकरसुदीक दिला न्हाईस. तरी बहिणीचा प्रभूत सलाम घे.

हितं बरं हाय. भात पोटभर, खोकला जरासा. भावजयीचा गुडघा कसा हाय?

आपल्या नातीचा, मार्थाचा नवरा मास्तर. म्हनतो, "आजी, सूर्य उगवत न्हाई, पृथ्वीच फिरतीया." म्हटलं, "मग पूर्व कुटं ऱ्हाती?" हसला मेला.

येशू पूर्वेकडून येईल तवा उठून समोर बघावं, म्हनून पुरताना तुझ्या दाजींचे पाय तिकडं केले. पृथ्वी फिरली तर त्यांचं तोंड आता कुटं? मला कसं पुरायचं? मार्थाला विचारलं, तर पोर रडाया लागली.

दाजींचा खड्डा तूच आखलास, तवा उत्तर तूच लिही. पाळकसाहेबांना लिहाया लावू नको. ते सगळ्यांना बरं वाटंल तेच लिहित्यात.

तुझी आक्का