हाइडेकोपचं एक मत

श्लेस्विग, रविवार, १२ मार्च १९३३

प्रिय आल्विन,

तपकिरी रंगात कुंचला बुडवला आणि हात तिथेच थांबला. मतांच्या नकाशावर जिल्ह्यातली एकोणसाठ गावं रंगवून झाली होती, बहुतेक सगळी तपकिरी सदरेवाल्या नाझींची. उरलं होतं तुमचं हाइडेकोप. सत्तेचाळीस मतं. शेहेचाळीस त्यांना, एक समाजवाद्यांना.

एवढीशी गावं पूर्वी शेजारच्या गावात मिसळून मोजत. ती वेगळी मोजावीत म्हणून तीन वर्षांपूर्वी तूच कचेरीत भांडलास. ज्या गावाचं मन दिसत नाही त्याचा नकाशा कसला, म्हणालास. मलाही ते पटलं. त्या उन्हाळ्यात आपण सायकलींवर गावोगाव फिरलो. खानावळीच्या पायरीवर बसून तू आकडे वाचायचास, मी लिहायची. तुझ्या अंगाला ओल्या लोकरीचा वास असायचा. अजून कुणी मोठ्याने आकडे वाचले की मी मान वर करते. तू डेन्मार्कला नोकरी घेतलीस तेव्हा मी म्हणाले, नकाशा पुरा झाला की येते. निवडणुका थांबल्या नाहीत. नकाशा पुरा झाला नाही.

शुक्रवारी कुंचला हातात असतानाच ब्रोडरसनसाहेब टेबलाशी आले. आता त्यांच्याही दंडाला त्या पक्षाचा पट्टा असतो. "बाई, सोमवारी नकाशा हवा. बारकी गावं वेगळीच ठेवा हं. तुमच्या मित्राने काम सोपं करून ठेवलंय. एकटी मेंढी लगेच दिसते."

ते मत कुणाचं, हे मला शोधावं लागलं नाही. मोजणीच्या वेळी खानावळवाला ओरडला, "हा कोण दीडशहाणा?" तुझी आई म्हणाली, "मी! मतपेटीपुढे लाजायला मी काय नवी नवरी आहे, मेल्या?" सगळे हसले म्हणे. पण त्या दिवसापासून तिचं दूध कुणी घेत नाही. आणि गाव एक वेळ हसून सोडेल, कचेरी सोडणार नाही.

आज दुपारी तिच्याकडे गेले. म्हटलं, महिनाभर मुलाकडे जाऊन या. "आणि गाईला काय तुझा नकाशा चारू?" मी साहेबांचं बोलणं सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली. "भिऊन घर सोडणारी मी नव्हे, पोरी. दुसरं काही असेल तर बोल."

मग मी दुसरं बोलले, म्हणून हे पत्र. मी सांगितलं की पुढच्या महिन्यात तुझ्याकडे ओडेन्सेला आपलं लग्न आहे, आणि तू तिला कळवायला लाजतोस. तिने सुरी खाली ठेवली. "गाढव आहे माझा मुलगा," म्हणाली, आणि डोळे पुसत शेजारणीला गाय सांभाळायला सांगून आली. उद्या ती निघेल, फ्लेन्सबुर्गला बहिणीकडे चार दिवस राहून तुझ्याकडे येईल. टपालावर आता भरवसा नाही. तुमच्याकडचा लोणीवाला परत निघालाय, तो हे पत्र तिच्याआधी पोहोचवेल. ती उतरताच तारीख विचारेल. खरं सांगायचं असेल तर आधी तिला जेवू घाल. मला काही विचारू नकोस. खोटं बोलताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही, एवढंच सांगते.

तुझीच,
गेझीने

सोमवार. साडेसहाच्या गाडीने आई गेली. नऊ वाजता मी नकाशा हाइडेकोपच्या एका मतासकट साहेबांच्या टेबलावर ठेवला.