उतार तपासला, समाधानकारक

मी, हौसेराव रामचंद्र घाडगे, वय वर्षे ६९, सेवानिवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, राहणार करंजाडे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नी प्रेमलाच्या मते डॉक्टरांनी मला फक्त दवाखान्यात पाहिले आहे, सबब त्या दाखल्यात फारसा अर्थ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. तिसऱ्या मजल्यावरील आमची सदनिका दोघांच्या नावे आहे. माझा हिस्सा प्रेमलाला मिळावा व तिच्या पश्चात मुलगी उन्नतीला. सदनिकेतील बाथरूमच्या फरशीचा उतार जाळीकडे नसून बेडरूमकडे आहे. अंघोळीचे अर्धे पाणी कपाटाखाली जाते, उरलेले खालच्या मजल्यावर अंकुश यांच्या छतातून ठिबकते. हा दोष सदनिकेबरोबर आपोआप वारसाकडे जातो, त्यासाठी वेगळे कलम लागत नाही.

२. बँकेतील ठेवी प्रेमलाच्या. किती आहेत ते तिलाच ठाऊक.

३. अंकुश यांना माझी मोठी छत्री द्यावी. त्यांना ती बाथरूममध्ये वापरता येईल. पाच वर्षांत ते माझ्याशी एकदाही भांडले नाहीत, आणि मला तेच जास्त जड गेले.

४. फरशीची पातळी बघायची माझी पाणसळ आणि भिंतीचा ओळंबा बिल्डरचे साइट इंजिनिअर विश्वजित यांना द्यावेत. आमच्या फरशीवर त्यांनी पाणसळ ठेवलीच नसावी. त्यांनी उलट विचारले, की ताबा घेतला त्या दिवशी घाडगेसाहेबांची पाणसळ कुठे होती, तर ती ट्रंकेत होती, असे खरे सांगावे.

५. आता त्या दिवसाबद्दल. आम्ही ताबा घेतला १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, दसऱ्याला. गेली पाच वर्षे मी नातेवाइकांत, सोसायटीत आणि उन्नतीच्या सासरीसुद्धा सांगत आलो, की मुहूर्त टळतो म्हणून प्रेमलाने घाई केली आणि मला तपासणी करता आली नाही. दसऱ्याचा सबंध दिवस मुहूर्ताचा असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी मला कोणी हटकले नाही. प्रेमलानेही नाही. नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडायचे नाही, अशी तिची साताऱ्याकडची शिस्त.

खरे घडले ते असे. प्रेमला बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "आधी बादलीभर पाणी वतून बघूया की." विश्वजित म्हणाले, "काकी, साहेबांची लाइफ गेली ह्याच्यात. आमी त्यांना काय दाखवनार? त्यांची सही म्हंजे आमाला सर्टिफिकेट." मी तिथेच फुगलो. प्रेमलाला सगळ्यांदेखत म्हणालो, "मला शिकवू नकोस."

ताब्याच्या कागदावर नुसती सही केली असती तरी निभावले असते. पण एकतीस वर्षांच्या सवयीने मी सहीच्या वर शेरा मारला: "उतार तपासला, समाधानकारक." न मागता. खाली तारीखही घातली.

ताब्यापासून पाच वर्षांच्या आत लेखी तक्रार केली तर असा दोष बिल्डरला स्वखर्चाने काढून द्यावा लागतो. प्रेमला दर वर्षी म्हणायची, करूया. मी टाळत राहिलो, कारण तक्रार केली की तो कागद बाहेर येणार. दोन वर्षांपूर्वी ती त्याच ओल्या फरशीवर घसरली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. मला स्वतःची लाज वाटली. तरीही घरी येऊन मी कागद दाखवला नाही.

तो कागद ट्रंकेतल्या हिरव्या फाइलमध्ये आहे. माझ्या मृत्यूनंतर तो प्रेमलाने सर्वांना दाखवावा आणि घाई तिची नव्हती हे सांगावे.

६. पाचवे कलम लिहून झाल्यावर मी हा मजकूर प्रेमलाला वाचायला दिला. ती वाचत असताना समोर बसणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी गॅलरीत जाऊन थांबलो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "म्हंजी तुमी गेल्यावर मी लोकांना सांगत फिरायचं व्हय? आन् तवर बोल माझ्याच माथी?"

मृत्युपत्र मेल्याशिवाय लागू होत नाही. तक्रारीची मुदत पुढच्या महिन्यात संपते, आणि डॉक्टरांच्या मते मी इतक्यात जात नाही. म्हणजे मी कबुलीही अशी बेतली होती, की लोक ती ऐकतील तेव्हा मी नसेन आणि प्रेमलाला तिचा उपयोगही नसेल.

सबब पाचवे कलम आजपासून लागू समजावे. सकाळी मी खाली जाऊन अंकुश यांना सगळे सांगितले. नंतर उन्नतीला फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "आईला फोन द्या."

तक्रारीचा अर्ज तयार आहे, उद्या पाठवायचा आहे. अर्जदार म्हणून पहिले नाव प्रेमलाचे. माझ्या शेऱ्याचा कागद तिने स्वतः जोडला आणि अर्जात आपल्या हाताने एक ओळ घातली: "शेरा मारणारे गृहस्थ माझे पती असून, त्यांनी उतार तपासलेला नव्हता."

ही ओळ खरी आहे, असे मी पूर्ण शुद्धीवर लिहून देतो.

सही: हौसेराव रामचंद्र घाडगे

आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉ. राजनंदिनी मोहिते, करंजाडे
२. कृष्णात भोईटे, कोपरखैरणे

स्थळ: करंजाडे, नवी मुंबई
दिनांक: २० सप्टेंबर २०२६